कानाची डॉक्टर

फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. सुलभाताई गेल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण गं?" आणि मी म्हणाले, "आईच्या कानाच्या डॉक्टर." त्या गेल्यावरही मी खोटंच बोलले... महिना झाला, ते वाक्य अजून टोचतंय.

सुलभाताई मानसशास्त्रज्ञ होत्या. श्रीवर्धनात त्यांना डोक्याची डॉक्टर म्हणत, म्हणून त्यांच्या दारात कुणाला दिसायचं नसे. टेबलावर सुपाऱ्यांची टोपली असायची. पहिलीतलं मूल सुपाऱ्या लहान-मोठ्या लावी, परीक्षेला घाबरलेली मुलगी नुसतीच हातात घोळवत बोले, म्हाताऱ्यांच्या हातात ताई अडकित्ता देत. "कागदावरचे प्रश्न नंतर," म्हणायच्या, "आधी माणसाचे हात बघू दे."

आई माणसांची नावं विसरायला लागली, तेव्हा "कान दाखवून येऊ" असं सांगून मी तिला तिथे नेलं, तेही वाडीतून मागच्या दाराने. फॉर्मवर तक्रारीच्या जागी चक्क 'कान' लिहिलं. ताईंनी ते वाचलं आणि मला बाहेर बसवलं. तासाभराने आई कुरकुरतच आली, "कानात काय घातलंच न्हाय हिनं." तिला काही कळलं नाही म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढची तीन वर्षं ताई दर भेटीत विचारत, "आईंशी खरं बोललात?" मी बेधडक हो म्हणायचे. त्या नुसती मान हलवायच्या.

परवा त्यांच्या मुलीने ती टोपली आणि माझ्या नावाचं पाकीट आणून दिलं. आत तोच फॉर्म. माझं 'कान' ताईंनी खोडलं नव्हतं. खाली त्यांच्या अक्षरात आईचं बोलणं होतं : "मी इसरत चालले, मला ठाव हाय गो. पन तिला लाज वाटते, म्हून मी पन कानच सांगेन. आत्ता तिला बोलू नको. मला काय कळेनासं झालं ना, मग सांग."

मला लाज वाटते हे तिला कळलं होतं. तीन वर्षं ती माझी लाज सांभाळत होती, आणि मला वाटत होतं मीच तिला सांभाळतेय.

आई खाटेवर बसून टोपलीतली सुपारी कातरत होती. हात अजून चुकत नाहीत. मी जवळ बसले, म्हटलं, "आई, कान नव्हते गं दुखत तुझे. मी खोटं बोलले."

तिने परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग हात कानामागे धरला.

"मोठ्यानं बोला बाई. मला ऐकू कमी येतं."