गायकवाडांनी नापास केलेलं शहर

गायकवाडांबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला ताप होता. बहरीनमधल्या आमच्या ऑफिसात आम्ही जगभरच्या शहरांना गुण द्यायचो, कुठे धंदा सोपा, कुठे राहणं सुखाचं. सगळे आकडे जुळत आले की गायकवाड खुर्ची मागे ढकलून विचारायचे, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण आई एकटी भाजी आणायला जाईल का तिथं?"

ही आई म्हणजे त्यांची स्वतःची. वडील गेल्यावर त्यांनी तिला नागपूरहून इथे बहरीनमधल्या रिफाला आणलं. भाड्याचा का होईना, प्रशस्त व्हिला, गार एसी. पण गाडीशिवाय कुठे जायची सोय नाही. म्हातारी दिवसभर खिडकीशी बसून असायची. पुढे तिने बोलणंही कमी केलं. नागपूरचं घर विकलेलं, परत पाठवणार कुणाकडे? गायकवाड आतून खचत चालले होते आणि तो सगळा वैताग आमच्या रिपोर्टवर निघायचा. मलाही वाईट वाटायचं, पण डेडलाइन माझ्या बोकांडी असायची.

नॉम पेन्हच्या वेळी तर त्यांनी कहर केला. कंबोडियाची ही राजधानी झपाट्याने वाढत होती, क्लायंटला तिला शेजारच्या बड्या शहरांच्या पंक्तीत बसवायचं होतं. गायकवाड पाहणीला गेले आणि परत येऊन फूटपाथच्या रकान्यात भोपळा दिला. "दुकानं, मोटरसायकली, खाण्याचे ठेले, सगळं फूटपाथवरच! माणसानं चालायचं कुठून?" क्लायंट चिडला, बॉस माझ्यावर ओरडला. "यल्ला, चला, खलास करा आता," मी हात जोडले. गायकवाडांनी एकही गुण वाढवला नाही.

आणि महिन्याभरात याच माणसाने राजीनामा दिला. नॉम पेन्हला नोकरी धरली होती, आईला घेऊन निघाले होते!

"अहो, तुम्हीच नापास केलंत ना त्या शहराला?" माझा संताप अनावर झाला.

"केलंच ना. रकाना फूटपाथचा होता, आणि चालायला फूटपाथ नाहीच," ते शांतपणे म्हणाले. "पण त्या ठेल्यांपाशी आईच्या वयाच्या बाया गप्पा मारत बसतात हो मॅडम. त्याला रकाना नव्हता."

मग हे आधी बोलायला काय झालं होतं? मी आठवडाभर धुमसत होते.

परवा त्यांचा फोन आला. आईंना द्या म्हटलं.

"आई घरी नाही."

"मग कुठे आहेत?"

"काय माहीत बाप्पा! न सांगताच गेली कुठंतरी," गायकवाड म्हणाले, आणि हसता हसता त्यांना पुढे बोलवेना.