न निघणारं पार्टिशन

धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात अनुसया निमजे एकोणीस वर्षं पेशंटांच्या नोंदी ठेवत होती. बाप तांडापेठेत हातमागावर लुगडी विणायचा. ती मात्र मॅट्रिक होऊन टायपिंग शिकली आणि इथं चिकटली. सत्त्याऐंशी साली डॉक्टरसाहेबांनी मुंबईहून वापरलेला कॉम्प्युटर आणला, तेव्हा स्टाफमधलं कुणी त्याच्या जवळ जाईना. पुस्तक उघडून, चुकतमाकत, त्याला शिव्या घालत तीच तो शिकली.

सव्वीस महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, कुही-रामटेकच्या खेड्यांतून आलेले पेशंट बाकांवर घामाघूम होऊन बसलेले असताना पडद्यावर ओळ आली : डिस्क भरली.

मशीन दुरुस्त करायला रविंद्र यायचा. अनुसयानं त्यालाच धरलं. "चाळीस एमबीची डिस्क म्हणता, अन् दहातच काहून भरली गा?"

त्यानं तपासून सांगितलं की डिस्कचे दोन भाग पाडलेले आहेत, त्यांना पार्टिशन म्हणतात. दहाचं आपलं. तीसचं आधीच्या मालकाचं, भलत्याच सिस्टीमचं; आपली सिस्टीम डॉस.

"मंग काढून टाक ना ते."

"जात नाही, बाई. आपला डॉसचा प्रोग्राम फक्त डॉसचंच पार्टिशन काढते."

"दुसरं दिसते त्याले?"

"दिसते."

"अन् काढता येत नाही?"

"नाही येत."

रविंद्र तीनदा आला. दर वेळी तोच मेनू, तेच आकडे आणि दोन कप चहा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, नवीन डिस्कच घ्या, आणि डॉक्टरसाहेबांनीही मान डोलावली. अनुसयाचं डोकंच फिरलं.

"रोज माणसाचं पोट फाडून आतलं काढता तुमी इथं, अन् या डब्ब्यातलं निघत नाही?"

डॉक्टरसाहेब हसले. ती हसली नाही.

जुन्या बिलावर मुंबईच्या दुकानाचा फोन नंबर होता. तीन दिवस तिथं कुणीतरी उचलून सांगायचं, साहेब जेवायला गेलेत. चौथ्या दिवशी साहेब सापडले. त्यांनी कंटाळलेल्या आवाजात डीबग नावाचा प्रोग्राम उघडायला सांगितलं आणि डिस्क मुळापासून कोरी करणारी एक ओळ दिली. अनुसयानं ती केसपेपरच्या पाठीवर उतरवली : जी, बरोबरचं चिन्ह, सी, आठ, दोन शून्यं, विसर्गासारखी दोन टिंबं, पाच.

"पण सगळं पुसलं जाईल हं. तुमचंही," ते म्हणाले.

मग दोन दुपारी बसून तिनं एकेका महिन्याची यादी एकेका फ्लॉपीवर उतरवली. सव्वीस फ्लॉप्या. तिसऱ्या दिवशी रविंद्रला शेजारी बसवून तिनं ती ओळ टाईप केली. मशीननं विचारलं, नक्की ना?

"हो म्हणते ना!" तिनं बटण दाबलं.

तासभर डिस्क घरघरत राहिली. नंतर डॉसचा मेनू उघडला तर पार्टिशनांची यादी कोरी! अनुसयानं टेबलावर थाप मारली. पण नवीन पार्टिशन करायला गेली, तर मशीन बत्तीसच्या पुढं जाईना. उरलेल्या आठांचं वेगळं करा म्हणे.

"पुन्हा पार्टिशन?"

रविंद्र खाली बघत म्हणाला, "डॉसले बत्तीसच्या वर चालत नाही, बाई."

तिनं कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "कर बाबा, कर," ती म्हणाली.

वैताग एवढ्यावर संपला नाही. फ्लॉप्या परत चढवताना अकरावी वाचलीच जाईना. पुसून पाहिली, फुंकून पाहिली, रविंद्रच्या दुकानातल्या मशीनमध्ये घालून पाहिली. एका महिन्याची आठशेवर नावं गेली. रजिस्टरं काढून, बोटं दुखेपर्यंत, पाच दिवसांत तिनं ती पुन्हा टाईप केली; त्या पाच दिवसांत तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही.

पावसाळ्यात रविंद्र वही घेऊन आला. दुसऱ्या एका दवाखान्यात तशीच डिस्क होती, त्याला ती ओळ हवी होती.

"सांगते," अनुसया म्हणाली. "पण आधी मले सांग, त्यांच्या एकेका यादीच्या दोन-दोन फ्लॉप्या केल्या का?"

रविंद्रनं वही मिटली आणि फ्लॉप्या करायला आल्या पावली परत गेला.