हजेरीबाई

हजेरीबाईला एखाद्याचं नाव एकदा सांगितलं की ते तिच्या डोक्यात कायमचं बसायचं. माझी वीस वर्षं मास्तरकीत गेली, तरी मी अजून वर्गात "ए, तू रे, लाल शर्ट" असंच म्हणतो. ही बाई आयर्लंडची, निवृत्त शिक्षिका, साठी उलटलेली. आणि पहिल्याच दिवशी दुपारच्या खिचडीपर्यंत वर्गातल्या एकतीस पोरांची नावं तिला तोंडपाठ. मारोती, भीमा, लक्ष्मी, देवकी. उच्चार असे की पोरं पोट धरून हसायची, पण गल्लत एकाचीही नाही. तिचं स्वतःचं नाव मात्र आमच्यापैकी कुणाला धड घेता आलं नाही. मग पोरांनीच तिला हजेरीबाई करून टाकलं.

आमची शाळा झरी जामणीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या जंगलातल्या वस्तीवर. दोन खोल्या आणि मी एकटा मास्तर. बाईच्या चर्चमधली आठ-दहा माणसं दर जानेवारीत तीन आठवड्यांसाठी यायची. कुणी भिंती रंगवायचं, कुणी पोरांचे दात तपासायचं, कुणी नुसतेच फोटो काढायचं. खरं सांगतो, मला या मंडळींचं फारसं कौतुक नव्हतं. आले, फुगे वाटले, गेले. उरलेलं वर्ष निस्तरायला आम्ही आहोतच. हजेरीबाई फुगे वाटायची नाही. ती सकाळी हजेरी घ्यायची आणि जे पोर नसेल ते शोधायला निघायची.

जानेवारी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. वर्गातून एकेक पोर गळून मायबापांबरोबर शेतात जायचं. बाई शेत गाठायची, कमरेला ओटी बांधायची आणि त्या पोराच्या वाट्याचा कापूस स्वतः वेचायला लागायची. "तू शाळेत जाय, मी वेचून राह्यली," असं पोरांकडूनच उचललेल्या वऱ्हाडीत सांगायची. सुकलेल्या बोंडांची टोकं लागून तिची बोटं रक्ताळायची. ते बघून आयांनाच अवघड व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरांना आपणहून पाठवायच्या.

याच हजेरीनं माझी लबाडी पकडली. पहिल्या वर्षी पाहुणे यायचे म्हणून मी एक दीडशहाणपणा केला होता. अर्धी शाळा कापसात; रिकामे वर्ग दाखवायचे कसे? नाल्यापलीकडच्या वस्तीत कापूसही नव्हता आणि शाळाही नव्हती. पोरं दिवसभर शेळ्यांमागे. त्यातली नऊ मी मोटरसायकलवर तीन खेपांत आणली आणि वर्गात बसवली. पाहुणे गेले, पोरं पुन्हा शेळ्यांमागे गेली, मी सुटलो. पुढच्या जानेवारीत बाईनं रजिस्टर न उघडता हजेरी सुरू केली. नऊ नावांना कुणी ओ दिली नाही. देवकीचं नाव तिनं दोनदा घेतलं.

"ते पोरं गाव सोडून गेले," मी ठोकून दिलं.

"कोठी गेले? चला, जाऊन पाहू."

वर्गातल्या पोरांनी लगेच नाल्याकडे बोट दाखवलं. नाल्यापलीकडे शेळ्या होत्या आणि शेळ्यांमागे देवकी. बाईला बघताच ती पळत येऊन तिच्या कमरेला बिलगली. बाई आता माझी तक्रार करणार, असं मी धरूनच चाललो. परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुमी खोटं बोलले. पन पोरं तं खरी हायेत न?"

नऊही पोरांची नावं तिनं माझ्याकडून त्याच आठवड्यात शाळेत दाखल करून घेतली. जाताना विचारलं, "मी गेल्यावर याईले कोन आनन?" मी म्हणालो, मी आणीन. आणि आणलं. तीन वर्षं मी रोज नाला ओलांडला. त्या तीन वर्षांत मी जसा मास्तर होतो तसा त्याआधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. ते श्रेय बाईचं. देवकी तर वाचायला लागली ती थांबेचना. खताच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, काहीही. आमची शाळा पाचवीपर्यंतच. पुढं तिला आश्रमशाळेत घालायचं, अर्ज मी भरायचा, असं बाईसमोर ठरलं.

तेवढ्यात माझी यवतमाळला बदली झाली. झाली कसली, मीच मागितली होती. सामान बांधायच्या गडबडीत अर्ज राहिला. उद्या करू, पुढच्या सुट्टीत जाऊन करू. मग महामारी आली, शाळा बंद पडल्या आणि बाईचं येणंही थांबलं. तिचे फोनवर निरोप यायचे: देवकी कशी हाय? मी लिहिलं, छान आहे, आश्रमशाळेत जाते. दुसऱ्या वर्षी लिहिलं, आठवीत आहे. तेव्हा देवकी आईबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जात होती, आणि ते मला माहीत होतं.

मग एका ओळखीच्यानं कळवलं की मजुरांची गाडी उलटली आणि देवकी गेली. त्या आठवड्यातही बाईचा निरोप आला. मी चार वेळा खरं लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. शेवटी लिहिलं, छान आहे, नववीत गेली. मेलेल्या पोरीला मी वरच्या वर्गात घातलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

या जानेवारीत बाई एकटीच माझ्याकडे यवतमाळला आली, हातात काठी. "चला, देवकीले भेटू." पोडाकडे जाताना गाडीत, पांढरकवडा गाव मागे पडल्यावर, मी सांगून टाकलं. तिनं फक्त विचारलं, "कधी?" मी म्हणालो, दोन वर्षं झाली.

देवकीच्या आईनं तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. "बाई, शाळा कायमची सुटली तं थे रोज नाल्यावर जाऊन बसे," ती म्हणाली. "म्हने, बाईले मालूम झालं का बाई येईन, मले शाळेत नेईन. तुमाले कोनी सांगतलं नाई का वो?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. खरं काय ते सांगावं तर तिला माझं नाव घ्यावं लागलं असतं. ती म्हणाली, "नाई सांगतलं."

आईकडे देवकीचा एकही फोटो नव्हता. बाईनं फोन काढला. त्यात देवकी ओळीखाली बोट सरकवत धडा वाचत होती. व्हिडिओ संपला की पडदा काळा व्हायचा, आणि आई माझ्याकडे फोन धरायची. "गुरुजी, आखीन येकडाव लावा न." मी लावत राहिलो. माझी मान वर होत नव्हती आणि त्या माउलीला वाटत होतं, गुरुजींना किती वाईट वाटून राह्यलं.

बाई माझ्या गाडीनं परतली नाही. फाट्यावर एसटी आली. पायरी उंच होती म्हणून तिनं माझा हात धरला, वर चढल्यावर सोडला आणि खिडकीशी बसली. बस सुटेपर्यंत मी त्या खिडकीखाली उभा होतो. ते तिला दिसत होतं, तरी तिनं माझ्याकडे मान वळवली नाही.