येऊन राहिलेले नऊजण

प्रीतम लांजेवार सी.आर. झाला तो गाडीमुळे. नागपूर विद्यापीठाच्या लोकप्रशासन विभागात एम.ए.च्या पहिल्या वर्षाचे एकेचाळीस विद्यार्थी. वर्ग प्रतिनिधी निवडायचा म्हणून विद्यापीठाचं पत्र आलं. पत्रात 'लोकशाही पद्धतीने' असे शब्द होते, त्यामुळे वर्गावरच्या सरांनी लोकशाही पद्धतीनेच विचारलं, "गाडी कोणाकडे आहे?" तीन हात वर गेले. "पेट्रोल कोणाच्या गाडीत आहे?" दोन हात खाली आले. उरला तो प्रीतम.

त्याला आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. मांढळ गावच्या शाळेत तो सातवीपासून दहावीपर्यंत मॉनिटर होता. गुरुजी बाहेर गेले की खडू घ्यायचा, फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि खाली नावं मांडायची, एवढंच काम. ते त्याने इतकं चोख केलं की चार वर्षांत वर्गातला एकही मुलगा त्याचा मित्र झाला नाही. सी.आर. म्हणजे मोठ्या शाळेतला मॉनिटर, अशी त्याची समजूत. हा फळ्यावर नावं लिहिणारा नसून स्वतः बोलणारा माणूस असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. विभागातल्या कोणाला ते ठाऊक होतं असंही नाही.

पहिल्या तीन महिन्यांत तो फार कर्तबगार सी.आर. ठरला. प्रोजेक्टरचा रिमोट हरवला, त्याने शोधला. पाहुणे आले, त्याने महाल भागातल्या बाजारातून शाल-श्रीफळ आणलं, आणि एकदा तर पाहुण्यालाही शहराच्या टोकाच्या बेसावरून गाडीवर मागे बसवून आणलं. ग्रुपवर नोटीस टाकणं, नोटीस वाचली का विचारणं, न वाचणाऱ्यांना फोन करून नोटीस वाचून दाखवणं, सगळं वेळेवर. दर महिन्याला विद्यार्थी-शिक्षक समितीची सभा व्हायची. सभेचं इतिवृत्त मुख्य लिपिक वामनराव आदल्या दिवशीच टाइप करून ठेवत. त्यात शेवटी 'विद्यार्थी प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले' असं वाक्य असे. प्रीतम त्याखाली सही करी, समोसा खाई आणि समाधान व्यक्त करी. विभागाला असा सी.आर. गेल्या दहा वर्षांत मिळाला नव्हता, असं वामनराव म्हणत. वर्गाचं मत कोणी विचारलं नव्हतं.

घोळ झाला तो पहिल्या तासाचा.

विभागप्रमुख जगताप मॅडम त्याच वर्षी पुण्याहून आल्या होत्या. बाई वक्तशीर, शिकवायला चांगल्या, भाषेला फार जपणाऱ्या. त्यांनी स्वतःचा तास सकाळी साडेसातला लावला आणि तासाच्या पहिल्या मिनिटाला हजेरी घ्यायला सुरुवात केली. आता वर्गातले नऊजण बुटीबोरीचे. तिकडून सातला निघालेली बस विद्यापीठाजवळ पोहोचायची आठला. त्याआधीची बस सहाची, ती कारखान्यातल्या पाळीवाल्यांनी अशी भरलेली असायची की थांब्यावर ड्रायव्हर नुसता हात जोडून पुढे जायचा. नऊजण रोज आठ वाजून दहा मिनिटांनी वर्गात शिरत, मागच्या बाकावर बसत, उरलेला तास ऐकत आणि कागदावर गैरहजर राहत.

दिवाळीनंतर फलकावर यादी लागली. सगळे तास मिळून पंच्याहत्तर टक्क्यांहून कमी हजेरी असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. नऊ नावं होती. पाचवं नाव पायल निखाडेचं. एकसष्ट टक्के.

पायलचे वडील सूतगिरणीत रात्रपाळीला. दोन वर्षं शिकून घे, मग बघू, असा घरचा करार होता, आणि त्या 'मग बघू'मध्ये काय काय बघायचं ठरलेलं आहे हे तिला नीट माहीत होतं. एक परीक्षा हुकली की करार मोडला. तिने यादी दोनदा वाचली, मग कँटीनमध्ये चहा पीत बसलेल्या प्रीतमला गाठलं.

"काय गा प्रीतम, तू सी.आर. आहेस का कुरिअर?"

"काहून, काय झालं?"

"नऊ जणांचं वर्ष जाऊन राहिलं, अन् हा इचारते काय झालं."

"मी काय करू त्यात? मॅडमचा नियम आहे."

"मॅडमले सांग ना मंग. तुझं तेच काम आहे. शाल-श्रीफळ कोनीबी आणते."

शेजारी गोलू बसला होता. प्रीतमचा रूम पार्टनर, महालात एकाच खोलीत राहणारा. तो म्हणाला, "त्याले बोलायले नको लावू वं. त्याले फक्त बोलणाऱ्यांची नावं लिहिता येते."

हे प्रीतमला लागलं. त्या संध्याकाळी त्याने अर्ज लिहिला. इंटरनेटवरचा नमुना न घेता, स्वतःच्या हाताने, अक्षर मॉनिटरचं. अर्ज असा होता:

'जुलैपासून आमचे नऊ विद्यार्थी बुटीबोरीवरून विभागात येऊन राहिले. सहाची बस न थांबता निघून राहिली. त्यामुळे त्यांचा पहिला तास बुडून राहिला. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.'

नागपुरात कोणालाही दाखवा, अर्थ लख्ख आहे. विद्यार्थी येत आहेत, बस निघून जात आहे, तास बुडत आहे. इकडे माणूस जेवून राहतो, झोपून राहतो, आणि भाड्याच्या खोलीत राहत असला तर राहूनसुद्धा राहतो. पण अर्ज गेला पुण्याच्या टेबलावर. तिकडच्या कानाला 'येऊन राहिले' म्हणजे आले आणि मुक्काम केला. बस निघून गेली ती गेली, तास बुडाला तो बुडाला. एका कागदावरची सगळी दुःखं भूतकाळात जमा झाली.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. समासात मॅडमच्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'सदर नऊ विद्यार्थी जुलैपासून बुटीबोरीहून या विभागात येऊन राहिले असल्याची नोंद घेतली. अंतराचा प्रश्न आता उरत नाही. प्रकरण निकाली.' खाली सही, जावक क्रमांक आणि लोकप्रशासन विभागाचा गोल शिक्का.

गोलूने शेरा मोठ्याने वाचला आणि नऊजणांकडे पाहून म्हणाला, "अभिनंदन. घर कधी घेतलं बे?"

"मी कुठं राहून राहिली, मले पत्ता त सांगा कोनी," पायल म्हणाली. "घरी मायले कळवा लागन."

प्रीतम वामनरावांकडे धावला. वामनराव अस्सल इकडचे, कामठीचे. शेरा वाचून त्यांना सगळं एका क्षणात कळलं, हे त्यांच्या मिशीवरून दिसलं. तरी ते म्हणाले, "प्रकरण निकाली निघालं. आता ते उघडता येत नाही."

"पण काका, तुमाले त समजलं ना, त्याचा अर्थ काय आहे ते?"

"मले घरी समजते. हापिसात कागद काय म्हणते ते पाहा लागते."

"मंग आता?"

"ते नागपुरात राहायले आले ना? पत्ता बदलाचा फॉर्म भरून द्या नऊ जणांचा. फोटो दोन-दोन."

पुढच्या सोमवारी समितीची सभा होती. प्रीतम रविवारभर खोलीवर पडून राहिला, म्हणजे खरोखर पडून राहिला, पुण्याच्या अर्थानेही. मॅडमसमोर उभं राहून 'मॅडम, तुम्ही चुकलात' म्हणायचं कसं, हे काही त्याच्या तोंडात बसेना. गोलूला मॅडम करून त्याने तालीम केली. गोलूने पहिल्याच वाक्याला त्याला वर्गाबाहेर काढलं.

संध्याकाळी पायलचा फोन आला. "तो कागद पुन्हा वाच."

"किती वेळा वाचू? पाठ झाला."

"नोंद कोणती घेतली मॅडमनं?"

"नऊ विद्यार्थी जुलैपासून या विभागात येऊन राहिले..."

"कोणत्या विभागात?"

"ह्या विभागात. म्हणजे नागपूर विभागात, असंच वाटलं असन त्याईले."

"लिवलं आहे का तसं? शिक्का कोणाचा आहे?"

प्रीतमने शिक्का पाहिला. 'लोकप्रशासन विभाग' असं त्याने मोठ्याने वाचलं. पायल म्हणाली, "मी बोलली असती रे. पण सभेत खुर्ची तुझी आहे."

सोमवारी सभा सुरू झाली. मॅडम, दोन सर, इतिवृत्त घेऊन वामनराव, आणि कोपऱ्यात प्रीतम. वामनरावांनी नेहमीप्रमाणे कागद सरकवला, पेन उघडून दिलं. 'समाधान व्यक्त केले' जागच्या जागी होतं. समोशाची बशीही होती. प्रीतमने पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, एक बोलायचं होतं."

दोन्ही सरांनी वर पाहिलं. या सभेत असं कोणी बोललेलं त्यांना आठवत नव्हतं.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आमच्याकडे 'येऊन राहिले' म्हणजे 'येत आहेत'. ती मुलं अजून बुटीबोरीलाच राहतात. रोज बसनं येऊन राहि... येतात."

"मग 'येत आहेत' असं का लिहिलं नाहीस?"

"ते येऊन राहिले म्हणून, मॅडम."

एका सरांना खोकला आला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, अर्जाची भाषा नेमकी असावी. मी जे लिहिलेलं आहे तेच वाचणार. मनातलं कसं वाचू?"

 प्रीतमने अर्ज उघडला. "बरोबर आहे, मॅडम. मग लिहिलेलंच वाचतो. नऊ विद्यार्थी जुलैपासून या विभागात येऊन राहिले असल्याची नोंद घेतली. खाली तुमची सही आहे. शिक्का आपल्या विभागाचा आहे." त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. "म्हणजे जुलैपासून ते इथेच आहेत, मॅडम. आले आणि राहिले. मग गैरहजर कसे?"

मॅडमनी अर्ज हातात घेऊन स्वतःचाच शेरा वाचला.

"शेरा चुकला असेल तर तसं म्हणा," प्रीतम घाईने म्हणाला, "मी आत्ता नवा अर्ज देतो. पण एक काहीतरी धरा. राहायला आलेही आणि गैरहजरही, असं दोन्ही नको."

मॅडमनी वामनरावांकडे पाहिलं. "हा शेरा दुरुस्त करता येईल?"

वामनरावांनी तीस वर्षांच्या नोकरीत कोणाची बाजू घेतली नव्हती. त्या दिवशीही घेतली नाही. चष्मा पुसत ते एवढंच म्हणाले, "जावक क्रमांक पडला आहे, मॅडम. निघालेला कागद माघारी घ्यायचा तर वरच्या कार्यालयात कारण द्यावं लागतं."

कारण काय द्यायचं, याचा विचार मॅडमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग त्या हसल्या. पुण्याची बाई इतकी मोकळी हसलेली विभागाने पहिल्यांदाच पाहिली.

"आणि ही मुलं खरंच रोज येतात? आठ वाजून दहाला?"

"तुम्हीच पाहता त्यांना, मॅडम. मागचा बाक."

"पाहते," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नोंद घेतली आहे ती घेतली आहे. नावं काढा यादीतून. वेळापत्रक मला या सत्रात बदलता येणार नाही. पण उद्यापासून हजेरी तासाच्या शेवटी घेईन."

प्रीतमने इतिवृत्त पुढे ओढलं. 'समाधान व्यक्त केले'च्या आधी 'चर्चेअंती' हा शब्द त्याने हाताने घातला आणि सही केली. वामनरावांनी तो शब्द बराच वेळ न्याहाळला. तीस वर्षांत त्यांच्या इतिवृत्तात कोणी एक अक्षर घातलं नव्हतं.

निर्णयाचा परिणाम दोन दिवसांत दिसला. हजेरी शेवटी होते म्हटल्यावर महाल आणि बेसाचे अठ्ठावीस जण आठनंतर उगवू लागले. त्यात पहिला गोलू. साडेसातला मॅडम चार जणांसमोर शिकवतात आणि सव्वाआठला वर्ग भरतो. ही वेगळी समस्या आहे आणि तिचा अर्ज अजून कोणी दिलेला नाही.

हॉल तिकिटं आली ती अर्थातच प्रीतमनेच वाटली. पायलने आपलं घेतलं, नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, विषयांचे कोड एकेक करून तपासले. नऊजणांपैकी आठांनी त्याला चहा पाजायचं कबूल केलं होतं. पायलने तिकीट घडी करून पुस्तकात ठेवलं.

"बरोबर आहे सारं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता ते लेडीज रूमच्या कुलपाचं पाहा लागन. किल्ली वामनरावकडे राहते, अन् वामनराव दीडले जेवायले जाते. पोरीनं तवरोक काय करावं?"

प्रीतमने वहीतून कोरा कागद फाडून तिच्यापुढे धरला. "तू लिही."

"मी? मलेबी तसंच लिवता येते."

"तसंच लिही," तो म्हणाला, "पण शिक्का मारून पोच घेजो."