दारावर पोतं

माझा धाकटा भाऊ मास्तरकीतून रिटायर झाला आणि त्याला फोटोचं वेड लागलं. माणसांचे नाही, गावांचे. रंग उडालेल्या पाट्या, बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या, जुनी दुकानं. पांढुर्ण्याहून सौंसरला जायला तास पुरतो, आम्हाला दिवस लागतो. त्याची बायको एकदाच सोबत आली. तिगावच्या स्टेशनासमोर दोन तास गाडीत बसली आणि पुन्हा येणार नाही म्हणाली. तेव्हापासून तो मला, थोरल्या बहिणीला, नेतो. घरी मला काही काम नाही, आणि लोकांची घरं पाहायला मला आवडतं.

मागच्या थंडीत आम्ही मोहगावच्या पुढे एका लहान गावात शिरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आवासची, म्हणजे सरकारी घरकुलांची, यादी अजून लागायची आहे.

एका गल्लीत एक दार दिसलं. सागवानी, कोरीव, निळं, पितळी कड्यांचं. दार सोडलं तर घर म्हणजे मातीच्या चार भिंती. त्यातली एक बसलेली, वर ताडपत्री. भाऊ उतरला. गळ्यात कॅमेरा, खिशाला पेन, हातात वही. प्रत्येक फोटो कुठला, ते तो वहीत लिहितो. गावात असा माणूस एकाच कामासाठी येतो.

"आवासवाले साहेब आले वो!" घरातल्या बाईनं हाळी दिली. वयानं ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल.

पाच मिनिटांत अख्खी गल्ली गरीब झाली. शेजारच्यानं मोटरसायकल गोठ्यात ढकलली. कोणी कूलरवर गोधडी टाकली. पक्कं घर कोणाला द्यायचं याची पाहणी करायला सरकारनं आम्हालाच पाठवलं, असं त्यांना वाटलं. भाऊ खरं सांगायला तोंड उघडणार, तर मी त्याचा हात दाबला. मला मजा वाटत होती.

तेवढ्यात बाईनं एक पोतं आणून दारावर अडकवलं.

"अहो, दार कायले झाकता?" भाऊ कळवळून म्हणाला.

"मंग काय करू साहेब? मागच्या पाहणीत मले दारासमोरच उभी केली. फोटोत नुसतं दार! लोक म्हणे, हिले घर कायले, हे तर मालगुजारीण हाये. नाव कटलं. गावच्या जमीनदाराचं, मालगुजाराचं, घर पाडलं तवा सासऱ्याले मजुरीत भेटलं हे. दार मालगुजाराचं, भिंत आमची."

मी बाजेवर बसून म्हटलं, "भिंतीवरची डिश पण झाका." लगेच डिश झाकली. चहा आला. भाऊ माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता.

"औंदा नाव येईल ना वो मावशी?" बाई माझ्याजवळ बसून विचारू लागली. "पावसात हे भिंत नातीच्या खाटेवर पडली. पोरगी शाळेत होती म्हणून वाचली."

थट्टा तिथं संपली. कप खाली ठेवून मी म्हटलं, "आम्ही पाहणीवाले नाही, बाई. हा रिटायर मास्तर, रिकामा फिरतो. मी याची बहीण."

"मंग चहा कायले पिऊन राहिली?"

"गरम होता म्हणून."

ती हसली नाही. शेजारी शिव्या देत मोटरसायकल बाहेर काढू लागला. मला वाटलं, आता आम्हाला हाकलतील. पण बाईनं भावाच्या गळ्याकडे बोट केलं.

"कॅमेरा तं खरा हाये ना? मंग भिंतीचे काढा. मी अर्जाले लावीन."

तिनं त्याला पार राबवलं. भिंत आतून, भिंत बाहेरून, फटीतून दिसणारं आभाळ. एका फोटोसाठी मास्तर शेणाच्या जमिनीवर पोटावर झोपला. इतक्या वर्षांत मी त्याला असं काम करताना पाहिलं नव्हतं. सौंसरला जाऊन आम्ही फोटो छापून घेतले आणि दिवस मावळायच्या आत तिला आणून दिले.

ते पाहून ती खूश झाली. भावानं संधी साधली. "आता एक दाराचा घेऊ द्या."

तिनं पोतं काढलं. मग थांबली. "कोणाले दाखवान?"

माझा भाऊ खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष. "ग्रुपवर टाकतो रोज सकाळी. माझे जुने विद्यार्थी आहेत. तुमच्या पंचायतीचा सचिव पण आहे त्यात."

पोतं परत दारावर गेलं.

"यादी लागू द्या," ती म्हणाली, "मंग पाहिजे तेवढे काढा. त्याच्या आधी नाई."

भाऊ आता दर सोमवारी त्या सचिवाला फोन लावतो. यादी लागली का, त्या बाईचं नाव आहे का, भिंतीचे फोटो पोचले का. सचिव तसा भला, पण कंटाळला. परवा त्यानं विचारलंच, "सर, ते बाई तुमची लागते तरी कोण?"

दाराचं तर नाव काढता येत नाही. भाऊ जरा घुटमळला.

"बहीण," तो म्हणाला. मी समोरच बसले होते.