सावकाशकाकांचा हात

१४ जूनला सात हजार आठशे चाळीस रुपयांचा एक कटर मी स्टोअरच्या वहीत खर्ची टाकला. कारखान्यात कटर मोडणं नवीन नाही. पण हा सावकाशकाकांच्या मशीनवरचा होता, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कटर गेल्याची नोंद मी क्वचितच केली होती.

काका मिलिंग मशीन चालवत. फिरत्या कटरने पोलादी ठोकळा कोरायचा आणि त्यातून साचा काढायचा, हे त्यांचं काम. त्यांची रीत ठरलेली. कटरचं फक्त टोक लावायचं, थोडं थोडं खोल जायचं, आणि आवाज चढला की उजव्या हाताने कटर पुढे सरकायच्या वेगाचा नॉब मागे घ्यायचा. पोरं चिडवायची, "काका, ठोकळा म्हातारा होईल हो!"

"होऊ दे," काका म्हणत. "कटर तरुण राहतो ना?"

मग कटर कसा फिरवायचा ते संगणकावर लिहून मशीनला देणारी नवी प्रोग्रामर आली. तिची रीत अगदी उलटी. कटर पुरा खोल उतरवायचा, पण बाजूने पातळसा पापुद्रा काढत भन्नाट पळवायचा. उष्णता किसाबरोबर उडून जाते आणि धार खालपासून वरपर्यंत सारखी झिजते, म्हणून कटर जास्त टिकतो. तीन तासांचा ठोकळा पाऊण तासात निघतो. अट एकच, वेग कमी करायचा नाही. केला की पापुद्रा आणखी पातळ होतो, धार कापायची सोडून नुसती घासत राहते आणि जळते.

मालकांनी काकांना आठवडा दिला. जमलं तर मशीन त्यांचं, नाही तर कानस घेऊन कडा घासायच्या टेबलावर, तिथल्या पगारात.

पहिल्याच दिवशी ती चहाला गेली आणि मशीन किंचाळलं. ती परत आली तेव्हा नॉब साठ टक्क्यांवर होता आणि धार निळी पडली होती.

"काका, हात लावलात?"

"अगं, ओरडत होता तो. मी जपत होतो त्याला."

"जपलंत म्हणूनच गेला."

काका माझ्या टेबलाशी येऊन बसले. "पोरगी बरोबर आहे. सगळं कळतंय मला. आमची ही घरी म्हणते, हात खिशात घाला आणि मुकाट उभे राहा."

दुसऱ्या दिवशी ते खरंच खिशात हात घालून उभे राहिले. पोरांना ऊत आला. "काका, फोटो काढू का?" दोन ठोकळे छान निघाले. तिसऱ्याच्या वेळी कपाळावरचा घाम पुसायला हात बाहेर आला आणि परत खिशात गेला नाही. दुसरा कटरही गेला.

मग तिने नॉबवर चिकटपट्टी लावली, चांगले चार वेढे. "आता विसरा नॉब आहे म्हणून."

"विसरलो," काका म्हणाले.

तीन दिवस सुरळीत गेले. त्या एका कटरने नऊ ठोकळे काढले. धार अजून लखलखीत होती. शनिवारी शेवटचा ठोकळा लावला तेव्हा मालकही येऊन उभे राहिले. कटर कोपऱ्यात शिरला, आवाज चिरकला, मग जड झाला, मग तडकन तुकडा उडून काचेवर आपटला.

"कोणी काढली पट्टी?" मालकांनी विचारलं.

काका इकडेतिकडे बघू लागले. प्रोग्रामरने त्यांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. पट्टी अंगठ्याला चिकटलेली होती. कधी काढली ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

सोमवारी मशीन दुसऱ्याला दिलं. तो मोबाइल बघत उभा असतो, कटर मुदतीपेक्षा जास्त चालतात. काका टेबलावर कडा घासतात. मशीन ओरडलं तरी मान वर करत नाहीत. पोरांनी चिडवणं सोडून दिलंय.

तिसऱ्या कटरची अर्धी किंमत काकांच्या पगारातून कापायचा हुकूम होता, महिना चारशे. नऊ हप्ते कापून झाले. तीनशे वीस रुपये बाकी आहेत.