घोडीची दुपारची अंघोळ

थंडीत घोडीला धुवायचं तर पायांपासून सुरुवात करायची, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. आधी खुरांवर कोमट पाणी, मग नळ्यांवर, मग गुडघ्यांवर. तेवढ्यात तिला कळतं की आता काय होणार आहे, आणि ती अंग सैल सोडते. पाठीवर एकदम तांब्या ओतला तर दचकते, आणि एकदा दचकली की त्या दिवशी हाताला येत नाही.

माझं माहेर तळेगावचं. वडील नालबंद होते. आमच्या दारात रोज कुणाचं तरी घोडं उभं असायचं, त्यामुळे घोड्याचे पाय मला लहानपणापासून ओळखीचे. गुडघ्याच्या वरचा घोडा मात्र मला सासरी आल्यावर कळला.

लग्न होऊन मी चिंचवडला आले ती पन्नास सालानंतरची दुसरी-तिसरी थंडी असेल. मामंजी टांगा हाकायचे. स्टेशनवर गाडी आली की उतारू घ्यायचे आणि गावात, देवळाकडे, कधी थेरगावापर्यंत सोडायचे. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. घरात आम्ही तिघंच, मामंजी, आमचे हे आणि मी. परसात पत्र्याच्या छपराखाली घोडी. ती पांढरी होती, अगदी कापसासारखी नव्हे, जुन्या धोतरासारखी. नाकपुड्यांभोवती गुलाबी. मामंजी तिला "पोरी" म्हणायचे, आणि मलाही "पोरी"च म्हणायचे. त्यांनी परसातून हाक मारली की मी चुलीपुढून उठायचे आणि तिकडे तीही मान वळवायची.

पहिल्या वर्षी माझा तिच्याशी संबंध गवत टाकण्यापुरता होता. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर मामंजी टांग्याच्या पायरीवरून घसरले आणि उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला, पण हात वर जाईना. लगाम डाव्या हातानं धरता यायचा, खरारा मात्र दोन्ही हातांचं काम. आमचे हे तेव्हा पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर लागले होते. उजाडायच्या आत डबा घेऊन निघायचे, ते दिवेलागणीला परत. दोन दिवस मामंजींनी डाव्या हातानं खरारा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी मी न विचारताच तो त्यांच्या हातातून घेतला.

आमच्या परसाला कुंपण नव्हतं आणि पलीकडून पाणवठ्याची वाट जायची. सून घोडीच्या पोटाखाली वाकून मालीश करतेय, हे दृश्य बायकांना नवीन होतं. शेजारच्या काकूंनी मामंजींना ऐकवलं की हे काही बरं दिसत नाही. मामंजी म्हणाले, हिच्या बापानं घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन हिला वाढवलंय, हिला यात काय नवं? पुढे एकदा काकू येऊन घोडीला भाकरीचा तुकडा देऊन गेल्या, ते मला आठवतं.

रोजची अंघोळ नसायची. थंडीत घोड्याला रोज धुवायचंच नसतं. सकाळी नुसता खरारा, मग गवताची जुडी वळून अंगभर चोळायचं, म्हणजे रक्त खेळतं. पांढऱ्या घोडीचा त्रास असा, की ती रात्री शेणात बसते आणि कुशीवर पिवळे डाग पडतात. तेवढेच डाग कोमट पाण्यानं काढायचे. सगळं अंग धुवायचं ते महिन्यातून एकदा, वारा पडलेला असेल आणि ऊन चांगलं तापलं असेल तेव्हाच. दुपारच्या पॅसेंजरनंतर चारच्या गाडीपर्यंत स्टेशनवर काम नसायचं. मामंजी घोडी सोडून आणायचे, मी तीन दगडांवर हंडा चढवलेला असायचा. हाताचं कोपर बुडवून पाणी पाहायचं. लेकराला चालेल ते तिला चालेल, असं ते म्हणायचे.

मी धुवायचे आणि ते डाव्या हातानं दोर धरून तिच्या तोंडापाशी उभे राहायचे. धुऊन झालं की बांबूच्या कामटीनं पाणी निथळवायचं, कोरड्या पेंढ्यानं रगडायचं, वर गोणपाट टाकायचं आणि तिला उन्हात फिरवायचं. पाठीवरून वाफ निघायची. मामंजी मग तिचे कान मुठीत धरून बघायचे. कान गरम लागले की म्हणायचे, झालं. त्या वेळी आम्ही फारसं बोलत नसू. पण मामंजी जे काही बोलले ते तेव्हाच. सासूबाईंना घोडीची भीती वाटायची, हे मला तिथंच कळलं. लहानपणापासून ते एका सावकाराच्या पागेत राबले होते, तेही तिथंच. आमच्या ह्यांना टांगा नको होता, पहिल्यापासून नको होता, आणि त्याचा मामंजींना राग नव्हता, हेही तिथंच.

मार्गशीर्षात गावात एक मोठं लग्न निघालं. नवरदेवाला मारुतीला न्यायला आमची घोडी ठरली. मला फार आनंद झाला. गावातल्या सगळ्या बायका तिच्याकडे पाहणार होत्या, आणि तिच्या अंगावरचा प्रत्येक केस माझ्या हाताखालून गेलेला होता. लग्नाच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. उत्तरेचा वारा सुटला. मामंजींनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, आज पाणी लावू नको, नुसता खरारा कर. मग ते लग्नघरी वेळ विचारायला गेले.

मी खरारा केला. पण उजव्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा हिरवट डाग होता, तो काही निघेना. नवरदेवाचा जरीचा शेला बरोबर त्या डागावर येईल असं मला दिसायला लागलं. मी हंडा चढवला. आधी फक्त डाग धुवायचा असं ठरवलं होतं. डाग गेला, पण तेवढा तुकडा इतका पांढरा दिसायला लागला की बाकीचं अंग मळकट वाटू लागलं. मग मी दुसरी कूस घेतली, मग पाठ. शेपटीपर्यंत येईतो गरम पाणी संपलं. आडाचं पाणी बादलीत होतंच. तेच मी शेपटीवर आणि मांड्यांवर ओतलं.

तेवढ्यात वारा वाढला. ऊन तर नव्हतंच. मी पेंढ्यानं रगडत होते, पण एक बाजू कोरडी करेतो दुसरी गार पडत होती. घोडीच्या खांद्याची कातडी थरथरायला लागली. मग मागचे पाय. मला पहिल्यांदा वाटलं की माशी बसली असेल. थंडीत कुठली माशी?

मामंजी आले ते दारातूनच समजले. अंगावरची घोंगडी काढून त्यांनी तिच्या कमरेवर टाकली, डाव्या हातात पेंढा घेतला आणि एका बाजूनं रगडायला लागले. मी दुसऱ्या बाजूनं. आमच्यामध्ये घोडी होती, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "जा, लग्नघरी सांगून ये. घोडी येत न्हाई म्हनावं."

मी गेले. वाजंत्री आलेली होती. नवरदेवाच्या मामाला मी निरोप सांगितला. त्यांनी घाईघाईनं दुसरी सोय केली. काय बोलले ते मला आठवत नाही, पण परत येताना मी गल्लीच्या मागच्या बाजूनं आले.

त्या संध्याकाळी घोडीनं चंदीच्या दाण्याला तोंड लावलं नाही. पोटात कळ आल्यासारखी पोटाकडे वळून वळून पाहायला लागली. मामंजींनी कोंड्यात गूळ, सुंठ आणि ओवा गरम पाण्यात कालवून तिच्यापुढे धरला. तिनं हुंगून सोडून दिला. आमचे हे कामावरून आले, सगळं ऐकलं आणि माझ्यावर चिडले. एकाच जनावरावर घर चाललंय आणि तुला मिरवायचं सुचतंय, असं म्हणाले. ते खोटं नव्हतं म्हणून मी रडले.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच. टांगा छपराबाहेर दांड्या टेकून उभा. मामंजी तिला थोडं थोडं चालवत आणि परत आणत. मी मागे मागे जात होते. शेवटी मीच म्हटलं, मामंजी, मला बोला तरी काहीतरी.

त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "पोरी, मी तुझ्यापेक्षा मोठा होतो तवा एक घोडा असाच घालवला," ते म्हणाले. "मालक बघाय येनार होता म्हनून धुतला. मला कुनी मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर ती कालवलेला कोंडा खात होती. मी हाक मारायच्या आधीच मामंजी बाहेर आले होते. आम्ही दोघं ती टोपली रिकामी होईपर्यंत उभे राहिलो. त्यानंतर दोन हिवाळे मी तिला धुतलं आणि एकदाही आभाळाकडे पाहिल्याशिवाय हंडा चढवला नाही.

मग आमचे हे कारखान्यात कायम झाले. स्टेशनवर मोटारी यायला लागल्या. कामगार पायी किंवा सायकलनं जाऊ लागले. मामंजी दुपारी येत तेव्हा कधी कधी सकाळपासून एकच फेरी झालेली असायची. दसऱ्यानंतर चाकणकडचा एक माणूस घोडी पाहायला आला. त्याला बाजाराला माल न्यायला छोट्या गाडीसाठी जनावर हवं होतं. मामंजींनी त्याला परसात बसवून थंडीत कसं धुवायचं ते सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. तो तिला घेऊन निघाला तेव्हा मामंजी घरात गेले आणि मी वाटेच्या वळणापर्यंत गेले. ती त्याच्यामागे सरळ चालत गेली. मला वाटलं होतं, अडेल.

त्या थंडीत दुपारची पॅसेंजर शिटी द्यायची आणि माझे हात रिकामे असायचे. एकदा मी नकळत हंडा चढवला. पाणी तापल्यावर मामंजी आले, पाहिलं, आणि म्हणाले, मलाच दे अंघोळीला. मी दिलं.

त्याच्या पुढच्या थंडीत, संक्रांतीला, मी पहिल्या लेकराला घेऊन माहेरी होते. चाकणच्या बाजाराला वडील नाल ठोकायला जात, त्यांच्या बैलगाडीतून मीही गेले. दुपार होत आली होती. नालासाठी उभ्या असलेल्या जनावरांत शेवटी एक मळकट घोडी होती. अंगावरचे थंडीचे केस वाढून गुंता झालेले, कुशीवर शेणाचे पोपडे. मी तिला रंगावरून ओळखलं नाही. उभं राहताना एक मागचा पाय जरा पुढे टेकायची सवय होती, त्यावरून ओळखलं.

मालक वाईट नव्हता. मी कोण ते सांगितल्यावर ओशाळला. म्हणाला, "थंडीचं पानी लावू नका म्हनले व्हते तुमचे सासरे. म्हनून लावलंच न्हाई."

मी लेकरू वडिलांकडे दिलं. चहाच्या दुकानदाराकडे गरम पाणी मागितलं, त्यानं डबाभर दिलं. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. मी पदर खोचला आणि पायांपासून सुरुवात केली. बाजारातली माणसं थांबून पाहत होती. गुडघ्यापर्यंत आले तसा तिनं मोठा श्वास सोडला आणि खालचा ओठ लोंबू दिला. पाणी थोडं होतं, फक्त पाय आणि दोन्ही कुशी झाल्या. वडिलांनी नाल ठोकले. मालकानं तिला गाडीला जुंपलं. त्याला मी खरारा कसा धरायचा ते पुन्हा दाखवलं आणि तो गेला.

चिंचवडला परतल्यावर मी मामंजींना सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग विचारलं, "तिची बसायची जागा कोरडी हाय का?" मी ते विचारलंच नव्हतं.

होळीनंतर आम्ही दोघं मोटारीनं चाकणला गेलो. तो माणूस बाजारात दिसला नाही. पुढच्या खेपेला भेटला, तर त्याच्या गाडीला बैल होता. घोडी त्यानं खेडकडच्या कुणाला तरी बदल्यात दिली होती. मामंजींनी त्याला नीट खुणा विचारून घेतल्या. परतताना ते खिडकीशी बसले आणि सगळ्या वाटेनं बाहेर पाहत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "आता ऊन लई झालं. थंडी पडली की जाऊ खेडला."

थंडी पडली तेव्हा त्यांचा खांदा पुन्हा धरला होता आणि माझ्या मांडीवर दुसरं लेकरू होतं. आम्ही गेलो नाही.